बुंदीला लघवी आवरत नाही, मांड्या सोलवटल्यात. कोणी असा ससा सांभाळलाय का?

ओवी_धायरी | शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची बुंदी साडेसहा वर्षांची. मादी, पांढरी, लाल डोळ्यांची, वजन २ किलो ४०० ग्रॅम. लहानपणापासून ट्रेमध्येच शू करायची, बाहेर थेंब नाही. गेला महिनाभर मात्र जिथे बसेल तिथे ओल. आधी वाटलं वय झालं, कोपरा चुकतोय. पण तिला कळतच नाही असं दिसतंय. उठून चालायला लागली की मागे ठिपक्यांची रांग.

मागच्या पायांच्या आतले केस पिवळे आणि चिकट झालेत. पोटाखाली दोन ठिकाणी केस गेलेत, कातडी लालभडक. हात लावला की अंग चोरते. मी रोज दोनदा कोमट पाण्याने आणि बेबी शाम्पूने धुते, पुसते, बाळांचं रॅशचं क्रीम लावते. तरी वाढतंच आहे. जवळचे डॉक्टर कुत्री-मांजरी बघतात. त्यांनी फंगल असेल म्हणून मलम दिलंय.

खाणं: रोज लसूणघासाची एक पेंढी, थोडे पेलेट (सशांचं तयार खाद्य), गाजर, कोथिंबीर. भूक चांगली आहे.

धुण्यात काही चुकतंय का? की डेटॉलचे दोन थेंब टाकू पाण्यात? पावसामुळे काही वाळत नाहीये, त्यात हे. रडकुंडीला आलेय अगदी.

---

खारूताई | शनिवार, सकाळी ७:०५

डेटॉल नको! बाकी सविस्तर दुपारी लिहिते, आत्ता डबे भरतेय. तोवर धुणं बंद ठेव आणि ते क्रीमही. तिने चाटलं तर त्यातलं झिंक पोटात जातं.

---

मळ्यातला | शनिवार, सकाळी ८:३०

ताई, आमच्याकडे गुरांना असं झालं की खोबरेल तेलात हळद कालवून लावतो. जखमेत किडे पडले तर टर्पेंटाइनचा बोळा. दोन दिवसांत साफ. सशाला चालेल का माहीत नाही, पण हळद तर निर्धोक आहे.

---

खारूताई | शनिवार, दुपारी २:१५

हां, आता निवांत.

मळ्यातले दादा, टर्पेंटाइन सशाच्या जवळपासही नको. म्हशीचं कातडं कुठे आणि सशाचं कुठे. सशाची कातडी ओल्या कागदासारखी असते, गुंता कापताना कात्री लागली तर चरकन फाटते. शिवाय ससा दिवसभर स्वतःला चाटतो, म्हणजे लावाल ते पोटात जाणार. हळदीने विष होणार नाही, पण तेल लावलं की केस चिकट होतात आणि ओल आतच कोंडते. ओवीचं दुखणंच ओलीचं आहे.

ओवी, मी दोन ससे म्हातारपणापर्यंत सांभाळले. एकाचा मागचा भाग शेवटचे चौदा महिने अधू होता. त्यावरून सांगते.

हा रोग कातडीचा नाही. लघवी अंगावर राहते, तिचा अमोनिया होतो, कातडी भाजल्यासारखी होते. सशाची लघवी मुळातच अल्कलीयुक्त आणि चुनखडी असलेली. फरशीवर पांढरा डाग राहतो ना? त्यावर व्हिनेगर टाकून बघ, फसफसतं. तेच वाळून केसांना पुटासारखं बसतं आणि चालताना घासतं. त्यात तू दोनदा शाम्पू लावतेस, म्हणजे कातडीचं उरलंसुरलं तेल जातं. आणि सशाच्या दाट लवेला पूर्ण वाळायला फार वेळ लागतो. या हवेत तर ती दिवसभर ओलीच राहत असणार. तू तिची काळजी घेतेस म्हणूनच वाढतंय, असं म्हटलं तर रागावू नकोस.

काय करायचं: अख्खी आंघोळ नाही, कधीच नाही. ससे पाण्याने घाबरतात, गारठतात, धक्क्याने दगावतातही. उथळ घमेल्यात दोन बोटं कोमट पाणी घे, फक्त मागचा भाग बुडव, हाताने हलकेच पाणी सोडत राहा. शाम्पू नको. मग चोळायचं नाही, टिपायचं. जुनं मऊ धोतर सगळ्यात उत्तम. ड्रायर लावलास तर थंड हवेवर, लांबून आणि तुझा हात मध्ये ठेवून. हेही रोज नाही, खरोखर माखली असेल तेव्हाच. एरवी ओल्या कापसाने तेवढीच जागा टिपून घे.

सोलवटलेल्या जागी पावडर नको. भोवतीच्या धड कातडीवर स्वयंपाकातलं कॉर्नफ्लोअर चिमूटभर चालतं, गुंते सुटतात. टाल्कम नको, ते फुप्फुसात जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लघवी का गळतेय ते शोध. सशांचे पेशंट नेहमी बघणारा डॉक्टर गाठ. पुण्या-मुंबईत आहेत. ते दिलेलं मलम आधी उलटं करून वाच. आपल्याकडच्या बऱ्याच ‘फंगल’ मलमांत बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं. म्हणजे स्टेरॉइड. सशांना ते सोसत नाही.

---

ओवी_धायरी | शनिवार, दुपारी ३:००

वाचलं. क्लोबेटासोल आहे. तीन दिवस लावलंय. आता?

---

खारूताई | शनिवार, दुपारी ३:०४

थांबव. घाबरू नकोस, तीन दिवसच झालेत. नव्या डॉक्टरांना ट्यूब दाखव.

---

लीड्सकर | शनिवार, सायंकाळी ६:५०

खारूताईंना +१.

कारणांबद्दल थोडं. माझ्या सशाला आधी मान वाकडी झाली आणि मग लघवी गळायला लागली. इथल्या व्हेटने एन्सेफॅलिटोझून कुनिकुलीचा संशय घेतला. हा सूक्ष्म परजीवी मेंदू, मज्जारज्जू आणि किडनीत घर करतो. २८ दिवस फेनबेंडाझोल हे जंतनाशक दिलं. मान बऱ्यापैकी सरळ झाली, लघवी अधूनमधून गळत राहिली. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की कधीतरी संसर्ग झाला होता. धडधाकट सशांतही ती पॉझिटिव्ह येते, तेव्हा एका कागदावर विसंबू नका. बीजाणू लघवीतून बाहेर पडतात, म्हणून कपडे हाताळल्यावर हात धुवा. घरात केमोथेरपी घेणारं कोणी असेल तर त्यांना या कामापासून दूर ठेवा.

बाकी शक्यता: मूत्राशयात खडा किंवा गाळ, जंतुसंसर्ग, कण्याचा संधिवात. वजन जास्त असेल तर नुसती बसण्याची ढब बिघडली तरी लघवी मांडीवर पडते. बुंदीचं गर्भाशय काढलंय का? चार वर्षांपुढच्या, ऑपरेशन न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर बराच आढळतो. तेही बघून घ्या. लघवी लालसर दिसली तरी लगेच हबकू नका, काही भाज्यांच्या रंगद्रव्यानेही ती केशरी-लाल होते. रक्त आहे की नाही ते लघवी तपासायच्या पट्टीवर कळतं.

---

गवत_आणि_गप्पा | शनिवार, रात्री ९:२०

सगळे त्वचेवर बोलताहेत, माझी सुई लसूणघासावर अडकलीय.

लसूणघास म्हणजे अल्फाअल्फा, ल्यूसर्न. गोठ्यात दुधाच्या जनावराला उत्तम, कारण प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. मोठ्या सशाला तेच नडतं. आपल्या शरीरात गरजेपुरतंच कॅल्शियम आतड्यातून घेतलं जातं. ससा समोर येईल तेवढं शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. साडेसहा वर्षं रोज एक पेंढी, त्यात पाणी कमी पीत असेल, तर मूत्राशयात चुन्याचा गाळ जमला असणार. आपल्याकडे गवतवाला ‘सशाला घास’ म्हटलं की हेच बांधून देतो, दोष तुमचा नाही.

पर्याय: टिमोथी किंवा ओटचं वाळलं गवत. आयातीचं टिमोथी महाग पडतं हे मान्य. मी अर्धं ते आणि अर्धी हरळी देतो. हो, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. परदेशात तिलाच बर्म्युडा ग्रास म्हणून वाळवून विकतात. फवारणीची, रस्त्याकडेची, कुत्री मुतण्याच्या जागची नको. बदल हळूहळू करा, दोन-तीन आठवड्यांत. एकदम घास तोडलात तर खाणं टाकेल, आणि ससा दिवसभर उपाशी राहिला तर ते वेगळंच संकट. आणि शेवग्याचा पाला ‘पौष्टिक’ म्हणून देत असाल तर तूर्त बंद.

पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा. वाडग्यातून ससे जास्त पितात. पालेभाजी निथळू न देता ओलीच द्या.

---

त्रिकोणी_चौकोन | रविवार, सकाळी १०:१०

कटू बोलतो. एवढ्याशा जिवाचे एवढे हाल कशाला? झोपवून टाका. माणसांना औषध मिळत नाही आणि इथे सशाच्या ढुंगणावर पंधरा प्रतिसाद.

---

मळ्यातला | रविवार, सकाळी १०:४५

चौकोनभाऊ, मोजलेत, सातच आहेत. तुमचा आठवा.

---

ओवी_धायरी | रविवार, दुपारी १२:३०

तो विचार मनात आलाच नाही असं नाही. पण सकाळी फ्रीज उघडल्याचा आवाज आला की ती अजून दारापर्यंत धावत येते. खाणारा, धावणारा जीव मी नुसत्या लघवीपायी संपवणार नाही. उद्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी उपाशी न्यायचं का? मांजरीला न्यायचे तेव्हा सांगायचे.

---

खारूताई | रविवार, दुपारी १२:४१

मुळीच नाही. सशाला ओकताच येत नाही, त्यामुळे भूल द्यायची असली तरी उपाशी ठेवत नाहीत. वाटेत तोंडासमोर गवत राहू दे. टोपलीत टॉवेल घाल म्हणजे पाय घसरणार नाहीत. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेव, रिक्षात उकडतं.

आणि दुसरं, कोणीही तोंडाने अमॉक्सिसिलिन दिलं तर नाही म्हण. त्याने पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. पिसवांसाठी फिप्रोनिलचा स्प्रेही नाही. ही दोन नावं फोनमध्ये लिहून ठेव.

---

ओवी_धायरी | मंगळवार, रात्री १०:०५

अपडेट. मोठं आहे, बसून वाचा.

डॉक्टरांनी आधी तिला नुसतं फरशीवर सोडलं आणि दहा मिनिटं बघत बसले. म्हणाले, बसताना ढुंगण उचलत नाहीये, पाठ ताठ आहे. मग एक्स-रे. गवत-गप्पा, तुम्ही बाजी मारलीत. मूत्राशय फिल्मवर खडूसारखं पांढरंशुभ्र. शिवाय कमरेच्या मणक्यांमध्ये हाडाचे पूल तयार झालेत, स्पॉन्डिलोसिस. म्हणजे पाठ दुखते म्हणून ती नीट बसून पूर्ण शू करत नाही, त्यामुळे गाळ तळाशी राहतो, आणि भरलेल्या पिशवीतून पातळ लघवी तेवढी गळत राहते. एकातून दुसरं. सोनोग्राफीत गर्भाशय ठीक दिसलं, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले.

भूल देऊन मूत्राशय धुतलं. काय निघालं म्हणता? टूथपेस्ट! अक्षरशः टूथपेस्टसारखा राखाडी-पांढरा गाळ. कातडीखालून सलाईन दिलं. मांड्यांचे केस मशिनने काढले, तेव्हा कळलं की मला दिसत होतं त्याच्या तिप्पट लाली आत लपली होती. मला तिथेच रडू आलं. जखमेला सिल्व्हर सल्फाडायझिनचा अगदी पातळ हात, तोही लावल्यावर पंधरा मिनिटं मांडीवर धरून बसायचं म्हणजे चाटणार नाही. पाठीसाठी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक, थेंब मोजून. डोस इथे लिहीत नाही, कोणी उचलून वापरेल.

एक कबुली. मी तिला मांडीवर उताणं करून साफ करायचे. ती शांत पडायची, मला वाटायचं आवडतंय. डॉक्टर म्हणाले, ती शांत नसते, भीतीने गोठलेली असते. सावज मेल्याचं सोंग घेतं तसं. आता मी तिला छातीशी उभी धरते आणि नवरा खालून टिपतो.

आता अंथरुणाचं सांगा. सध्या गोधडी आहे, तासाभरात भिजते.

---

खारूताई | मंगळवार, रात्री १०:३२

गोधडी काढ. सुती कापड ओल धरून ठेवतं आणि ससा त्याच ओलीवर बसतो. वर फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापड) हवं. ते स्वतः पाणी पीत नाही, खाली सोडतं, त्यामुळे वरचा भाग कोरडा लागतो. सगळ्यात खाली बाळाची ड्रायशीट, तिच्यावर जुने टॉवेल किंवा लंगोटाच्या घड्या, आणि वर फ्लीसची चादर. फ्लीस आणल्या आणल्या दोनदा गरम पाण्यात धू, नवं फ्लीस ओल खाली सोडत नाही. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य अजिबात घालू नकोस, त्याने हा गुण जातो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाल, लघवीचं पूट सुटतं.

माझी आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आई हेच करायची. दर दोन तासांनी कूस, खालची घडी बदल, पाठ कोरडी. सशाचं करताना मला आईचेच हात आठवायचे. असो, अवांतर झालं.

ट्रेची पुढची कड कापून जमिनीलगत कर, तिला पाय उचलावा लागता कामा नये. गुळगुळीत फरशीवर योगा मॅट पसर. पाय घसरले की पाठीला हिसका बसतो.

---

लीड्सकर | बुधवार, दुपारी १:१५

आणि माश्या! तिकडे पावसाळा आहे ना? हे मी आधीच लिहायला हवं होतं. ओल्या, वासाच्या केसांत माशी अंडी घालते आणि बारा ते चोवीस तासांत अळ्या निघून कातडी खायला लागतात. ससा एका दिवसात जाऊ शकतो. सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली आणि मांड्यांच्या घडीत टॉर्च मारून बघाच. तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर थांबू नका, थेट दवाखाना. पाण्याने धूत बसू नका, ओल्या केसांत अळ्या शोधणं आणखी अवघड होतं.

तिला वळता येत नसेल तर रात्रीच्या मऊ लेंड्याही खाली चिकटून राहत असतील. त्या ससे थेट तोंडाने खातात, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. खाली चिरडलेल्या दिसल्या तर उचलून तिच्या तोंडापुढे धरा. किळस वाटेल, पण खाते.

---

ओवी_धायरी | बुधवार, रात्री ९:५०

भाचीची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी बुंदीच्या कुंपणावर बसवली. बरोब्बर मावली! सासूबाई म्हणाल्या, बाळंतीण आणि बाळ दोन्ही हीच.

---

गवत_आणि_गप्पा | गुरुवार, सकाळी ८:००

घास किती कमी केलात?

---

ओवी_धायरी | गुरुवार, सकाळी ८:२०

पेंढीची पाव पेंढी. उरलेलं ओट. नाक मुरडते, पण हरळी मात्र वाटीत पडायच्या आत गायब.

---

ओवी_धायरी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०

कोणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

लाली गेली. डाव्या मांडीवर नाण्याएवढा चट्टा आहे, तोही आता गुलाबी झालाय. नवी लव आलीय, मखमलीसारखी. लघवी अजून गळते, पण दिवसभर नाही. झोपेत आणि लांब उडी मारली की. डॉक्टर म्हणाले पूर्ण थांबेल असं धरून चालू नका, पाठ काही तरुण होणार नाही. वजन २ किलो ३१० ग्रॅम. दर रविवारी भाजीच्या काट्यावर, परात ठेवून.

आमचा दिनक्रम असा बसलाय: सकाळी साडेसहाला टॉर्च, टिपणं, फ्लीस बदल. ऑफिसला जाताना सासूबाईंकडे सूत्रं. त्या आधी ‘सशाला कसलं लंगोट’ म्हणत होत्या, आता दुपारी दोनची घडी मी फोन करायच्या आत बदललेली असते. रात्री साडेदहाला परत. धुण्यात पाणी जातं ते जातंच. सहा फ्लीस फिरते ठेवलेत, पावसात चारने भागत नाही.

एक प्रश्न उरलाच. दर पंधरा दिवसांनी मांडीचे केस मशिनने काढायला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, दोन तासांचा प्रवास, ती भेदरते. घरी कोणी करतं का?

---

खारूताई | रविवार, सायंकाळी ५:१०

मी करायचे, पण डॉक्टरांनी तीनदा समोर करून घेतल्यावर. बाळांचे केस कापायचं कमी आवाजाचं मशिन घे. कातडी दोन बोटांनी सपाट ताणून धर, मशिन कातडीला समांतर. पातं मिनिटभराने हाताच्या पाठीवर लावून बघ, तापतं. जखमेच्या कडेला स्वतः हात घालू नकोस. पुढच्या खेपेला मशिन घेऊनच जा आणि त्यांना म्हण, मला शिकवा.

---

मळ्यातला | रविवार, सायंकाळी ७:४०

ताई, आमच्या विहिरीकडेला हरळी माजलीय, फवारा कधी मारत नाही. दर शनिवारी भाजीचा टेम्पो सिंहगड रोडला येतो. पोतंभर पाठवू का? पैसे नकोत. मेथीच्या जुड्यांबरोबर येईल.

---

ओवी_धायरी | रविवार, रात्री ८:०२

दादा, पाठवाच. पत्ता व्यनि करते. पण अर्धं पोतंच. ओली हरळी पोत्यात तापते, आणि बाल्कनीत वाळवायला जागा नाही, दोऱ्यांवर सगळे फ्लीस आहेत.